सुगी, विसावा आणि एकांत : वाचकांचे प्रश्न

पाऊस परतला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. शेतात सुगी असते, घरात दिवाळीच्या सुट्टीची गडबड, आणि नाताळच्या तयारीला अजून अवकाश असतो. ख्रिस्ती उपासना-वर्ष मात्र याच सुमारास संपत आलेले असते. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो आणि मंडळीचे नवे वर्ष त्या दिवशी सुरू होते. म्हणून वर्षाचा आढावा ३१ डिसेंबरच्या रात्री घाईघाईने घेण्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निवांत घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. या महिन्यातली चार पत्रे त्याच संदर्भातली आहेत.

प्रश्न : सोयाबीनची काढणी ऐन भरात असताना रविवारी शेत बंद ठेवणे परवडत नाही. मळणीयंत्राची पाळी रविवारीच आली तर काय करावे? पाळकसाहेब म्हणतात विसावा घ्या, घरचे म्हणतात पाऊस आला तर कोण भरून देणार?
— एक शेतकरी, ता. राहुरी

तुमची अडचण पवित्र शास्त्राला, बायबलला, अनोळखी नाही. निर्गम ३४:२१ मध्ये विसाव्याची आज्ञा देताना 'नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातसुद्धा' असे मुद्दाम म्हटले आहे. कारण उघड आहे. विसावा मोडायचा मोह याच दोन वेळी सर्वांत जास्त होतो. अनुवाद ५:१४ मध्ये तर गडी, मोलकरीण, बैल आणि गाढव यांचाही विसावा सांगितला आहे. तेव्हा मालकाने मंदिरात जायचे आणि मजूर शेतात राबवायचे, ही पळवाट चालणार नाही.

आता कामाचे. रविवार मोकळा हवा असेल तर नियोजन गुरुवारी सुरू करावे लागते. गुरुवारपर्यंत जे कापाल तेवढेच शेतात वाळू द्या. शुक्रवारी-शनिवारी नवीन कापणी न लावता आधीचे वाळलेले गोळा करा, मळणी उरका, उरलेल्याची गंजी लावून ताडपत्रीने झाका आणि कडेला दगड ठेवा. बहुतेक जण शनिवारी संध्याकाळपर्यंत कापत राहतात आणि तिथेच फसतात. मग रविवारी ओले पीक उघड्यावर पडलेले असते आणि मन उपासनेत लागत नाही. घाईने तेच ओले पीक गंजीत दाबले तर आत ऊब धरते, बुरशी येते. शेंगा पूर्ण वाळून तडकायला आल्या असतील तर मात्र थांबण्यात नुकसान आहे. ते ओळखून आधीच्या सोमवारीच कापणीला हात घाला.

अचानक ढग आले तर रविवारीसुद्धा गंजी झाका, त्यात दोष नाही. विहिरीत पडलेल्या बैलाला शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी कोण काढणार नाही, असे प्रभू येशूनेच विचारले आहे (लूक १४:५). दूध काढणे, गुरांना वैरण-पाणी हेही तसेच. यंत्राची पाळी बदलून मिळतच नसेल तर सकाळची उपासना करा, मळणी करा आणि सोमवारी घरच्यांसह, मजुरांसह पूर्ण दिवस थांबा. एखाद्या हंगामात हे चालेल. दर आठवड्याला तेच होऊ लागले तर यंत्रवाल्याशी हंगामाआधी, भाद्रपदातच बोलून ठेवायला हवे.

प्रश्न : मुले दिवाळीत आजोळी जातात. तेव्हा एक सकाळ घरीच एकांतसाधना करावी असे वाटते. दोनदा प्रयत्न केला. एकदा झोप लागली, एकदा तासाभरात कामांची यादीच डोक्यात फिरू लागली. रीतसर कसे करावे?
— एक गृहिणी, वसई

ताई, झोप लागली यात अपराधी वाटून घेऊ नका. १ राजे १९ मध्ये थकलेला संदेष्टा एलीया झुडपाखाली झोपतो. देवदूत त्याला उठवतो, भाकर आणि पाणी देतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो, दूत पुन्हा उठवतो आणि खायला घालतो. होरेब पर्वतावरची ती मंद वाणी त्याला ऐकू येते त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. झोप आणि जेवण आधी, हा क्रम आपण उलटा करतो. तेव्हा आदल्या रात्री लवकर झोपा आणि त्या दिवशी उपवास धरू नका.

वेळ सकाळी सहा ते साडेदहा ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी घरात बसून मनन होत नाही, डुलकीच येते. मोबाइल बंद करून कपाटात ठेवा. नुसता आवाज बंद करून शेजारी ठेवलेला फोन बंद नसतो. वेळेसाठी गजराचे घड्याळ आणि वाचायला छापील बायबल घ्या. हाताशी दोन कागद असू द्या.

पहिला कागद कामांच्या यादीसाठी. गॅस नोंदवायचा राहिला, शाळेची फी भरायची आहे, असे जे जे आठवेल ते दोन शब्दांत लिहा आणि परत शास्त्रपाठाकडे या. विचार दाबू गेलात तर तो दर पाच मिनिटांनी परत येतो. लिहून ठेवला की पुष्कळदा तिथेच थांबतो.

सकाळचा पहिला तास एकाच उताऱ्याला द्या. पाच-दहा ओव्या पुरेत. स्तोत्र १३१ तर तीनच ओव्यांचे आहे. त्यात दूध तोडलेले मूल आईजवळ शांत पडून आहे. दूध हवे म्हणून रडत नाही, नुसते जवळ असते. ज्या बाईने मूल वाढवले आहे तिला त्यावर भाष्य वाचायची गरज नाही. उतारा चार वेळा वाचायचा. पहिल्यांदा मोठ्याने, सावकाश. दुसऱ्यांदा जिथे मन अडेल तो शब्द धरायचा आणि तोच मनात घोळवायचा. तिसऱ्यांदा त्यावरून देवाशी आपल्या भाषेत बोलायचे. चौथ्यांदा वाचून काहीच न बोलता बसायचे. बाराव्या शतकात ग्विगो या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या संन्याशांच्या संघाच्या) मठाधिकाऱ्याने वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत चिंतन अशा चार पायऱ्या मांडल्या, त्याच या. एखाद्या पायरीवर मन रमले तर पुढे जायची घाई नको. गुडघे टेकून साधत असेल तर तसेच, खुर्चीत बसून साधत असेल तर तसेच राहा.

मग नाश्ता करा आणि अर्धा तास पायी फिरून या, कानात काही न घालता.

दुसरा तास वर्षाच्या आढाव्याचा. दुसऱ्या कागदावर गेल्या आगमनकाळापासून एकेक महिना लिहा. प्रत्येक महिन्यापुढे आधी उपकार, मग चूक, मग राहून गेलेले. क्रम हाच ठेवा. चुकांपासून सुरुवात केली की आत्मपरीक्षणाचा स्वतःवरचा खटला होतो आणि तो मार्चपर्यंत येऊन अडकतो. शेवटी पुढच्या वर्षासाठी एकच ठराव लिहा. चार लिहिले तर एकही टिकत नाही.

मन कोरडे पडले, कंटाळा आला तर ठरल्या वेळेआधी उठू नका. उलट दोन-चार मिनिटे जास्तच बसा. जेजुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांचा हा सल्ला आहे. मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हाही त्यांचाच. नोकरी सोडणे, भावाशी बोलणे तोडणे असले काही त्या सकाळी ठरवू नका. संसार सोडून महिनाभराच्या एकांतसाधनेला जाता येत नाही अशांसाठी त्यांनी रोज दीड तासाची रीतही सांगून ठेवली आहे. एक सकाळ जमली तर पुढे तिचा विचार करा, पण फादर किंवा सिस्टर यांच्या मार्गदर्शनाखाली.

मध्येच शेजारीण दार वाजवील. दार उघडा, तिचे काम करा. मार्क ६:३१ मध्ये प्रभू शिष्यांना एकांती विसावा घ्यायला नेतो, कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती. आणि लोक त्यांच्या आधीच तिथे पोचलेले असतात. प्रभूला त्यांचा कळवळा येतो. साधना मोडली असे समजून दिवस सोडून देऊ नका, उतारा जिथे थांबला तिथून पुढे घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा बरेच दिवस झोप-भूक गेली असेल, तर इतका वेळ एकटे बसू नका. आधी धर्मगुरूंशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा.

प्रश्न : माहेर प्रॉटेस्टंट, सासर कॅथलिक. २ नोव्हेंबरला सासूबाईंबरोबर दफनभूमीत जावे का? मृतांसाठी प्रार्थना करणे मला पटत नाही.
— एक सून, मुंबई

जावे. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा आणि दुसऱ्या दिवशी सर्व मृतांचा स्मरणदिन असतो. दुसरी प्रथा फ्रान्समधील क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी इ. स. १००० च्या आसपास आपल्या मठांत सुरू केली आणि तिथून ती पसरली. मृतांसाठी प्रार्थनेला कॅथलिक मंडळी २ मक्काबी १२ चा आधार देते. तो ग्रंथ प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. मतभेदाचे एक मूळ तिथे आहे आणि ते कबरीपाशी उभे राहून सुटणार नाही. जे शब्द मनाला पटत नाहीत ते म्हणू नका. सासऱ्यांच्या आयुष्याबद्दल उपकारस्तुती करा आणि स्तोत्र ९० वाचा. ते दोन्ही घरांचे आहे.

सासूबाईंना खरी मदत आठवडाभर आधी लागते. पावसाने कबरीवर गवत आणि शेवाळ माजलेले असते. पाणी आणि नारळाच्या काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश पुरतो. संगमरवरावर अ‍ॅसिड अजिबात ओतू नका. दगड खाल्ला जातो, अक्षरे पुसट होतात. तारेच्या ब्रशानेही चरे पडतात. मेणबत्त्या वाळू भरलेल्या डब्यात लावा, कारण तोवर गवत सुकायला लागलेले असते.

प्रश्न : इंग्लंडमध्ये नर्स आहे. ड्यूटी बहुतेक रविवारीच येते आणि आता लवकर अंधार पडू लागेल. विसाव्याचा दिवस कसा पाळू?

संध्याकाळ ते संध्याकाळ असे चोवीस तास धरा. लेवीय २३:३२ मध्ये विसाव्याची मोजणी तशीच आहे. ड्यूटीचे वेळापत्रक हाती आले की त्या आठवड्याचे ते चोवीस तास आधी खुणेने राखून ठेवा, उरलेल्यात धुणे आणि बाजार बसवा. रात्रपाळीनंतरचा दिवस मात्र विसाव्यात मोजू नका. तो नुसती झोप भरून काढण्यात जातो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळ एक तास मागे जाते आणि पुढे लवकरच साडेचारच्या सुमारास अंधारते. त्या संध्याकाळी घरी एकटे बसण्यापेक्षा जवळच्या कॅथेड्रलमध्ये गायनवृंदाच्या सायंउपासनेला जा. पाऊण तासाची असते, तिकीट नसते, तुम्हाला काही म्हणावे लागत नाही, बसून ऐकले तरी चालते. शाळांच्या सुट्टीत गायनवृंदालाही बहुधा सुट्टी असते, म्हणून वेळ पाहून निघा.