पाणबुडीच्या पोटातलं विमान

प्रश्न : ब्रिटिश नौदलाने पाणबुडीत मावेल असं 'पार्नल पेटो' हे टेहळणीचं विमान बनवलं होतं, पण त्याची दोनच नमुना-विमानं झाली, असं वाचलं. विमान फसलं म्हणून उत्पादन झालं नाही का? आणि पाणबुडीला विमान हवंच कशाला?

उत्तर : पेटो फसलं नव्हतं, हे आधी ठासून सांगतो.

दुसरा प्रश्न पहिल्यांदा घेऊ. पाणबुडी पाण्यावर आली तरी तिची नजर तोकडीच. डोळा पाण्यापासून पाच मीटर उंच असेल तर क्षितिज जेमतेम आठ किलोमीटरवर. तोच माणूस हजार मीटर वर गेला, की हवा स्वच्छ असताना शंभरच्या पुढे पाहू शकतो. तेव्हा रडार नव्हतं. म्हणून ब्रिटिशांनी 'एम-2' या पाणबुडीवरची 12 इंची अवजड तोफ काढली आणि त्या जागी जलरोधक हँगर, म्हणजे विमान ठेवायची खोली, बसवलं.

आता त्या हँगरच्या मापात विमान बसवायचं काम ब्रिस्टलच्या पार्नल कंपनीकडे, म्हणजे तिथल्या हॅरल्ड बोलस या डिझायनरकडे आलं. उघडे पंख साधारण 8.7 मीटर, मागे दुमडले की जेमतेम 2.4 मीटर! त्यात दोन माणसं, खाली पाण्यावर तरंगायला दोन तरंड, आणि सुरुवातीला तीन सिलिंडरचं ल्युसिफर इंजिन, पुढे पाच सिलिंडरचं माँगूस. 1925 मध्ये ते उडालं. वेग ताशी 180 किलोमीटरच्या आसपास. एवढ्याशा दुपंखी विमानाला हे उत्तमच म्हणायचं. पहिल्यांदा त्याला क्रेनने पाण्यात उतरवून उडवत, नंतर डेकवर कॅटापल्ट, म्हणजे विमानाला जोराने हवेत फेकणारं यंत्र, आलं. परतल्यावर ते पाणबुडीशेजारी पाण्यावर उतरायचं आणि क्रेनने उचलून आत जायचं.

मी नोकरीत असताना जहाजावरच्या हेलिकॉप्टरची पाती दुमडायची आणि उघडायची कामं केली आहेत. डेक हलत असतो, हात ओले असतात आणि पिन भोकात नीट बसली का, हे बोटाने चाचपून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नसतं. वर कोणीतरी घड्याळ धरून उभा असतोच. पेटोवाल्यांचं काम याहून अवघड. त्यांचा डेक पाण्याला जवळजवळ टेकलेला, आणि विमान बाहेर काढायला हँगरचं मोठं दार सताड उघडावं लागायचं. पाणबुडी वर आल्यापासून विमान सुटेपर्यंत ती उघड्यावर सापडलेली, म्हणून प्रत्येक मिनिट वाचवायचा सराव चालायचा. सगळा धोका त्या दारात होता.

26 जानेवारी 1932 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टलंडजवळ, सरावासाठी गेलेली एम-2 परत आली नाही. साठच्या साठ माणसं गेली. एका व्यापारी जहाजाच्या कप्तानाने एक मोठी पाणबुडी शेपटाकडून बुडताना पाहिली होती. तो अपघात आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. काही दिवसांनी ती सापडली तेव्हा हँगरचं दार उघडं होतं आणि विमान आतच होतं. पाणबुडी पुरती वर येण्याआधीच दार उघडलं गेलं आणि पाणी आत शिरलं, असं बहुतेक जाणकार मानतात. मलाही तेच पटतं. स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो या नौदल तळावर बुडालेली जर्मन जहाजं वर काढणाऱ्या अर्नेस्ट कॉक्स यांनी एम-2 उचलायचा महिनोन्‌महिने प्रयत्न केला, पण जमलं नाही. ती आजही तिथेच आहे. बुडी मारून खाली जाणाऱ्या माणसांना ती पाहता येते, पण तिथल्या कशालाही हात लावायला कायद्याने मनाई आहे.

आता उत्पादनाचं. पेटो घेऊन जाणारी पाणबुडी एकच, आणि तिच्यात जागा एकाच विमानाची. मग कारखान्याने रांगेने विमानं काढायची कोणासाठी? एम-2 बुडाल्यावर ब्रिटिश नौदलाने हा नादच सोडला. विमानाच्या गुणदोषांचा या निर्णयाशी फारसा संबंध नव्हता, आणि म्हणूनच 'फसलेलं विमान' हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो.

जपानने मात्र हीच वाट पुढे नेली. हँगर, दुमडते पंख, कॅटापल्ट, सगळं तेच. 9 सप्टेंबर 1942 रोजी 'आय-25' या जपानी पाणबुडीवरून उडालेल्या छोट्या एकपंखी विमानाने अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलावर आग लावणारे बॉम्ब टाकले. वैमानिक नोबुओ फुजिता काम उरकून पाणबुडीकडे सुखरूप परतले.