टपरीवरच्या त्या फोटोवरून

बाळा,

शनिवारी अभ्यासिकेखालच्या टपरीवर आपण जेमतेम दहा मिनिटं बसलो असू, तेवढ्यात तुझा फोन सहा वेळा वाजला आणि शेवटी तू चहाच्या ग्लासचा, माझा हात दिसेल असा फोटो काढून तुझ्या बॉयफ्रेंडला पाठवलास, सोबत बाईच आहे हे दाखवायला. "काळजी करतो हो मॅडम" म्हणालीस, पण रिंग वाजली की तुझे खांदे कसे आखडतात ते मी बघत होते. तेव्हा सगळ्यांसमोर बोलले नाही, म्हणून लिहितेय.

काळजी करणारा माणूस पोचलीस का, जेवलीस का विचारतो आणि उत्तर मिळालं की आपल्या कामाला लागतो गं. दिवसभर लाईव्ह लोकेशन चालू ठेवायला लावणं, इन्स्टाचा पासवर्ड मागणं, लास्ट सीन बघून रात्री दीडला "कोणाशी बोलत होतीस" म्हणून उलटतपासणी घेणं, ही पाळत आहे. मग दोन दिवस अबोला, सॉरी तूच म्हणायचं, मग तो रडणार, आठवडाभर इतका गोड वागणार की तुला वाटावं आपलंच चुकलं. लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्येच हे चक्र मांडलंय, नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायकांशी बोलून. तुझ्यावर हात उचललेला नाही, पण चक्र तेच. मी स्वतः पंचविशीत त्या गोड आठवड्याच्या आशेवर तीन वर्षं काढलीत, एकेक मैत्रीण तुटत गेली आणि मला वाटायचं त्याच बदलल्या.

"सोडून गेलीस तर जीव देईन" असं तो म्हणतो ना? खरंच म्हणत असेल तर त्याच्या घरच्यांना लगेच कळव, त्याला १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर दे, पण त्याला जिवंत ठेवायची ड्युटी एकट्या तुझी नाही.

कायद्याचं म्हणशील तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मानसिक छळ धरलाय, पण तो एका घरात राहणाऱ्यांसाठी, नुसत्या डेटिंगला सहसा लागत नाही. मात्र नको म्हटल्यावरही मागे लागणं, बाईच्या ऑनलाईन वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट बहिणीकडे पाठवून ठेव. आणि ब्रेकअप सांगायला त्याच्या रूमवर एकटी अजिबात जाऊ नकोस, फोनवर सांगितलं तरी चालतं, कोणी काही म्हणू दे. फोटो व्हायरल करायची धमकी आलीच तर घाबरून परत जायचं नाही, सायबर पोलिसांकडे आपण दोघी जाऊ. १८१ या महिला हेल्पलाईनवर कधीही बोलता येतं, नाव सांगायचा धीर होत नसेल तरी नुसतं बोल.

लगेच ठरव असं मी म्हणत नाहीये. सगळं एकदम तोडणं जमत नाही, मला तरी कुठे जमलं होतं.

रविवारी सातची टेस्ट आहे, खिडकीजवळची तुझी जागा धरून ठेवते. नाही आलीस तर मी रुसणार नाही, फोनही करणार नाही, पुढच्या रविवारी परत धरेन.

तुझी मॅडम