तीस जणांची न्याहारी आणि मधेच कच्चा राहिलेला पाव

प्रश्न : दर मे महिन्यात गुहागरजवळच्या आमच्या घरी मुंबई-पुण्याची मंडळी जमते आणि सकाळच्या न्याहारीला तीस पाने होतात. घावन किंवा आंबोळ्या करायच्या म्हटल्या, तर घरातल्या दोघीजणी दहा वाजेपर्यंत तव्यापासून हलत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी रात्रीच पाव, दूध, अंडी आणि गूळ एकत्र करून सकाळी ओव्हनमध्ये भाजायचा गोड पदार्थ केला. सहाजणांपुरता तो नेहमी उत्तम होतो. त्याच प्रमाणाला पाचाने गुणून मोठ्या टोपात केला, तेव्हा मात्र वरून करपला, मधे खिरीसारखा राहिला आणि तळाला पाणी सुटले. दूधही फाटल्यासारखे दिसत होते. नेमके काय चुकले?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : जिन्नस आपण पाचपट केलेत, पण भांड्याचा पसरटपणा पाचपट करायचा राहिला. भाजण्याच्या पदार्थात उष्णता बाहेरून आत सरकत जाते आणि थराची जाडी दुप्पट झाली, तर मध्यापर्यंत पोहोचायला तिला जवळजवळ चौपट वेळ लागतो. तेवढ्या वेळात वरचा गूळ जळणारच. मी स्वतः हा धडा दापोलीला एका बारशाच्या सकाळी घेतला आहे. पितळेच्या खोल पातेल्यात बावीसजणांचा ऐवज एकदम घातला, दीड तासाने सुरी खुपसली तर ती पांढऱ्या दुधाने माखून बाहेर आली, आणि सासूबाईंनी एक शब्दही न बोलता पोहे भिजत घातले.

तेव्हा तीस माणसांसाठी एक मोठे भांडे शोधत बसण्यापेक्षा सुमारे २३ बाय ३३ सेंटिमीटरचे तीन पसरट ट्रे घ्यावेत आणि मिश्रणाचा थर कोणत्याही ट्रेमध्ये ५ सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. एका ट्रेला ४५० ग्रॅम पाव, ८ अंडी, ७०० मिलिलिटर दूध आणि सव्वाशे ग्रॅम गूळ लागतो. त्यात दहाजणांचे सहज भागते. लादीपावाचा आकार बेकरीगणिक बदलतो, त्यामुळे पाव मोजून न घेता वजनाने घ्यावा. तीन ट्रेंचे मिळून १ किलो ३५० ग्रॅम पाव, दोन डझन अंडी आणि २ लिटर १०० मिलिलिटर दूध, एवढा हिशेब कागदावर मांडून ठेवला की सकाळी गडबड होत नाही.

तळाला पाणी सुटण्याची कारणे दोन असतात. अंडी-दुधाचे मिश्रण जास्त तापले की आकसते आणि धरून ठेवलेले पाणी सोडून देते, हे एक. आपल्याकडे मधला भाग शिजावा म्हणून कडा तासभर जादा तापल्या असणार. दुसरे कारण म्हणजे ओलसर पाव. घाटावर पाव रात्रभर उघडा ठेवला की सकाळी कडक होतो. आपल्याकडे मे महिन्याच्या दमट हवेत तो चिवट होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर बुरशीचे ठिपके दिसू लागतात. असा पाव दूध शोषत नाही. म्हणून आदल्या दिवशीचा पाव अंगठ्याएवढ्या तुकड्यांत कापून ओव्हनमध्ये १२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे सुकवावा. तुकडा दाबल्यावर कडा खरखरीत लागल्या पाहिजेत, पण त्यांचा रंग बदलता कामा नये. गॅलरीतल्या कडक उन्हात दोन तास ठेवले तरी चालते. फक्त कावळ्यांवर लक्ष ठेवायला घरातल्या एखाद्या मुलाला बसवावे.

दूध फाटण्याचा दोष गुळाकडे जातो. गूळ किंचित आंबट असतो, त्यात क्षारही असतात, आणि तापलेल्या दुधात तो पडला की दूध नासते. अर्धी वाटी पाण्यात गूळ विरघळवून, गाळून पूर्ण थंड करावा, अंड्यांत फेटून घ्यावा आणि मग थंड दूध घालावे. गाळण्याचा कंटाळा करू नये, कारण चांगल्या गुळातही खडा निघतो आणि तो नेमका पाहुण्यांच्या दाताखाली येतो. माझ्या मते मात्र कोकणात बसून गाईम्हशीच्या दुधाचा एवढा आग्रह धरण्याचे कारणच नाही. निम्मे दूध काढून त्या जागी नारळाचे दाट दूध घातले, तर गुळाशी त्याचे जमते, पदार्थ अधिक मऊ होतो आणि चवही आपल्या ओळखीची येते. चिमूटभर मीठ आणि जायफळ घातल्यावर दुसऱ्या कोणत्याही सुगंधाची गरज उरत नाही.

मे महिना म्हटल्यावर हापूस आलाच. आंब्याच्या फोडी मिश्रणात ढवळल्या तर त्यांचा रस सुटून पुन्हा तळाला पाणी साचेल. म्हणून फोडी शेवटच्या पंधरा मिनिटांत वर पसराव्यात, किंवा पानात वाढताना घालाव्यात. फणस घालायचा तर काप्याचे गरे बारीक चिरून घ्यावेत. बरका फणस सांदणांसाठी राखून ठेवावा. कच्चा अननस अजिबात घालू नये; त्यातला पाचक अंश दुधाला कडवट करतो. भाजलेल्या काजूचे तुकडे मात्र हवे तेवढे घालावेत.

रात्रभर मुरवण्याबद्दल सावधगिरीची एक सूचना करते. अंडी-दुधाचे मिश्रण आपल्या हवेत ओट्यावर ठेवणे धोक्याचे आहे. ते फ्रीजमध्येच, ५ अंशांच्या आत राहिले पाहिजे. आंब्याच्या दिवसांत फ्रीजमध्ये तीन ट्रेंना जागा कुठून मिळणार, हे मी जाणते. तसे असेल तर रात्री ट्रेंमध्ये फक्त सुका पाव पसरून फडक्याने झाकावा, फेटलेले मिश्रण दोन बरण्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावे आणि भाजण्याआधी पाऊण तास पावावर ओतावे. नीट सुकवलेल्या पावाला तेवढा वेळ पुरतो. काचेचा ट्रे फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ढकलू नये, तो तडकतो.

भाजताना ओव्हन १७५ अंशांवर असावा. पहिला अर्धा तास ट्रेवर फॉइल किंवा स्टीलचे ताट झाकावे, नंतर काढून आणखी वीस मिनिटे भाजावे. ट्रे हलवल्यावर मधला भाग घट्ट जेलीसारखा थरथरला पाहिजे. लाटेसारखा हलला तर अजून वेळ द्यावा. घरात अन्नाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी किमान ७१ अंश तापमान दिसायला हवे, आणि ८० च्या आसपास मिश्रण छान जमलेले असते. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे सुरी लावू नये.

प्रश्न : आमच्या वाडीत संध्याकाळच्या वादळाने वीज गेली की सकाळपर्यंत येत नाही. इन्व्हर्टरवर ओव्हन चालेल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : नाही. घरगुती ओव्हन दीड-दोन हजार वॉट खेचतो आणि दिवे-पंख्यांसाठी बसवलेल्या इन्व्हर्टरला ते झेपत नाही. जवळ लाकडाच्या भट्टीची बेकरी असेल, तर दिवाळीत नानकटाईचे पीठ घेऊन जातो तसेच हे ट्रे घेऊन जावेत, मात्र आदल्या दिवशी विचारून. पहाटेचे पाव बाहेर निघाल्यावर भट्टी हळूहळू उतरू लागते आणि ती उतरती आच या पदार्थाला फार मानवते. भट्टीच्या तोंडाकडची बाजू कमी भाजली जाते, म्हणून अर्ध्या वेळानंतर ट्रे फिरवून ठेवायला सांगावे. दुधाचे मिश्रण बरणीत न्यावे आणि तिथे पोहोचल्यावरच ओतावे. भरलेला ट्रे स्कूटरवर मांडीवर धरून नेण्याचा प्रयोग मी केला आहे. अर्धे दूध साडीवर आणि उरलेले रस्त्यावर गेले.

प्रश्न : गणपतीत पंचवीस माणसे असतात आणि अंडे अर्थातच चालत नाही. असाच आदल्या दिवशी करून ठेवता येईल असा भाजलेला गोड पदार्थ सुचवावा.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : सावंतवाडीच्या माणसाला धोंडस, म्हणजे काकडीचा भाजलेला गोड पदार्थ, सुचवायचे म्हणजे धाडसच आहे, परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर तेच आहे. भाद्रपदात मोठी जून तवशी (काकड्या) मिळतात आणि येथे अंड्याचे काम तांदळाचा रवा करतो. १ किलो रव्याला किसलेले तवसे पाण्यासकट सव्वादोन किलो, गूळ १ किलो, दोन नारळांचा चव आणि पाव किलो तूप घ्यावे. तवसे सोलून, बिया काढून, प्रत्येकाचा एक तुकडा चाखून पाहावा, कारण एक कडू निघाले तर सगळा घाणा वाया जातो. रवा तुपावर खमंग भाजावा. किस, गूळ आणि खोबरे एकत्र उकळून त्यात रवा घालावा आणि मिश्रण भांड्याच्या कडा सोडेपर्यंत शिजवावे. मग तूप लावलेल्या दोन ट्रेंमध्ये केळीच्या पानावर ४ सेंटिमीटरचा थर थापून १८० अंशांवर तासभर भाजावे. पूर्वी पातेल्याखाली आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत; आजही ज्यांच्याकडे चूल आहे त्यांनी तसेच करावे, खालच्या बाजूची ती खरपूस साल ओव्हनमध्ये येत नाही.

गरम धोंडस कापल्यास भुगा होतो. संध्याकाळी भाजून रात्रभर निवू द्यावे आणि सकाळी सुरीला तूप लावून वड्या पाडाव्यात. पंचवीसजणांना, पुन्हा मागणाऱ्यांसकट, पुरतात.