साल्झबर्गला निघालात? मग आधी मिठाचं ऐका

मागच्या अंकात आल्प्सबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर नाशिकमधूनच इतके प्रश्न आलेत की हा अख्खा कॉलम ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांना देतेय. हा भाग मी दोनदा फिरलेय. गड, लेणी, घाट बघत मोठ्या झालेल्या माणसाला तो लवकर आपलासा वाटतो.

प्रश्न : ताई, मी ५४ ची, हे ५८ चे. दर रविवारी पांडवलेणी चढतो, कळसूबाई तीनदा झालंय. सप्टेंबरात साल्झबर्गला सहा दिवस आहोत. टूरवाला म्हणतो एकाच दिवसात हॉलस्टाट, बर्फाची गुहा आणि किल्ला असं तिन्ही उरकून देतो. घ्यावं का? (इंदिरानगर)

काकू, नका घेऊ. हॉलस्टाटला साल्झबर्गहून ट्रेनने एका बाजूचेच साधारण अडीच तास लागतात, बर्फाची गुहा वेर्फेनला, म्हणजे भलत्याच दिशेला, मग उरकणं म्हणजे काय तर बसमधून उतरायचं, फोटो काढायचा आणि परत बसमध्ये. सहा दिवस आहेत ना हातात? मुक्काम साल्झबर्गलाच ठेवा, रोज बॅगा भरत बसू नका, आणि एका दिवसाला एकच ठिकाण करा.

आता मिठाचं. साल्झ म्हणजे मीठ, बुर्ग म्हणजे किल्ला. शहरातून वाहणाऱ्या नदीचं नाव साल्झाख, तेही मिठावरूनच, कारण हालाईनजवळच्या डोंगरातलं मीठ याच नदीतून होड्यांनी खाली जायचं. इथे आर्चबिशपच राज्य करायचे, धर्मगुरूही तेच आणि सत्ताही त्यांचीच, आणि चर्चेस, राजवाडे, चौक जे काही बघून आपण थक्क होतो त्यात या मिठाचा पैसा आहे. वरचा होहेनसाल्झबुर्ग किल्ला १०७७ मध्ये बांधायला घेतला. जुनं शहर १९९६ ला युनेस्कोच्या यादीत गेलं आणि हॉलस्टाटचा परिसर १९९७ ला. आपला साल्हेरही २०२५ मध्ये त्याच यादीत आलाय, तिकडे कुणी नाशिक कुठे म्हणून विचारलं तर हे नक्की सांगा.

हॉलस्टाट गाव केवढं, तर जेमतेम साडेसातशे वस्तीचं, तळं आणि कडा यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बसलेलं. पण त्याच्या वरच्या डोंगरात सात हजार वर्षांपूर्वीपासून माणूस मिठासाठी येतोय. १८४६ मध्ये रामसाउअर नावाच्या खाणीवरच्या अधिकाऱ्याला तिथे जुनी दफनभूमी सापडली, पुढच्या काही वर्षांत त्यांनी हजाराच्या आसपास कबरी उकरून एकेकीची चित्रं काढून नोंद ठेवली, आणि युरोपातल्या सुरुवातीच्या लोहयुगाला या छोट्या गावाचं नाव पडलं. मला स्वतःला सगळ्यात जास्त भिडला तो खाणीतला लाकडी जिना. इसवी सन पूर्व १३४४ च्या सुमारास तोडलेल्या झाडांचा आहे तो, मिठामुळे लाकूड कुजलंच नाही. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी पाठीवर ओझं घेऊन कुणीतरी त्याच पायऱ्यांवरून चढत होतं, त्या समोर उभं राहिल्यावर मला काही वेळ बोलताच आलं नाही. आणि पुढे १६०७ पर्यंत त्यांनी हॉलस्टाटपासून एबेनझे गावापर्यंत ४० किलोमीटर लांब लाकडी नळ टाकला, १३ हजार झाडांचे बुंधे आतून पोखरून, मिठाचं पाणी वाहून न्यायला! हे सगळं अर्ध्या तासात कसं बघणार सांगा.

स्टेशन तळ्याच्या पलीकडे आहे, ट्रेनमधून उतरलं की होडी मिळते. पहाटेची गाडी पकडा, टूरच्या बसेस यायच्या आत गाव तुमचं. खाण चालू आहे ना तेवढं निघायच्या आधी बघून घ्या. आणि लोकांच्या अंगणात शिरून फोटो काढू नका, लोक राहतात हो तिथे, पर्यटकांनी पार जेरीस आणलंय त्यांना.

गुहेला वेगळा दिवस. आइसरीझनवेल्ट नाव, ४२ किलोमीटर लांब, जगातली सगळ्यात मोठी बर्फाची गुहा, बर्फ मात्र सुरुवातीच्या साधारण एक किलोमीटरमध्येच. तोंड आहे १६४१ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा फक्त पाच मीटर खाली. आत ७०० पायऱ्या चढायच्या, तेवढ्याच उतरायच्या. पांडवलेणी करणाऱ्या तुम्हाला जमेल, पण आत उन्हाळ्यातही शून्याच्या आसपास असतं तेव्हा स्वेटर, कानटोपी, हातमोजे हवेतच.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र कार भाड्याने घेऊन फिरणार. नाशिकला वायनरी टूर बऱ्याच केल्यात, तशी ब्रूवरीची असते का तिकडे? (कॉलेज रोड)

असते, पण आधी साल्झबर्गच्याच म्युल्न भागातल्या आउगुस्टिनर ब्रॉयला जा. १६२१ पासूनची मठाची ब्रूवरी. तिथली पद्धत अशी की फळीवरचा दगडी मग आपणच उचलायचा, कारंज्याच्या गार पाण्यात विसळायचा, पैसे भरून पावती घ्यायची आणि ती मगासकट पुढे द्यायची, मग लाकडी पिंपातून बिअर भरून मिळते. बाहेर चेस्टनटच्या झाडांखाली लांबच लांब बाकं, अनोळखी माणसांशेजारी बसायचं. ही झाडं नुसती शोभेची नाहीत, पूर्वी फ्रिज नव्हते तेव्हा बिअर जमिनीखालच्या तळघरात मुरायची आणि तळघर गार राहावं म्हणून वर दाट सावलीची झाडं लावायचे. तिथे मिळणारी मेर्त्सन बिअर, म्हणजे मार्चची, ती पण यातूनच आली, उन्हाळ्याच्या गरमीत बिअर बिघडायची म्हणून मार्चमध्येच जास्तीची करून साठवायचे. आपल्याकडे उन्हाळ्याआधी वर्षाचं वाळवण घालून ठेवतात तोच हिशोब.

टूरच हवी तर श्टीगल, १४९२ ची, त्यांचं मोठं म्युझियमच आहे. गव्हाची बिअर आवडत असेल तर शहरातच डी वाइसं, १९०१ पासूनची. ओबरट्रुमला ट्रुमर आहे, १६०१ ची, शहराबाहेर, तिथे बसने जा.

कारचं मात्र ठाम सांगते. चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे, सायकललासुद्धा ०.८ ची आहे. ब्रूवरीच्या दिवशी गाडी हॉटेलवरच राहू दे. बस, ट्रेन चांगल्या आहेत.

प्रश्न : आम्ही पीत नाही आणि शाकाहारी आहोत, तर ब्रूवरीत जाऊन करायचं काय? (पंचवटी)

जा की, बिनधास्त! बिअर गार्डनमध्ये आजी-आजोबा, लहान मुलं सगळे येतात, लिंबूपाणी किंवा सफरचंदाचा रस सोडा घालून मागा, कुणी वळूनही बघत नाही. खायला कासनोकन, चीजमधले छोटे मऊ गोळे वरून तळलेला कांदा, पण त्यात बहुतेक अंडं असतं, कायझरश्मारन म्हणजे तुकडे केलेला गोड पॅनकेक, त्यात तर असतंच. सूप आणि बटाट्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पडतात, म्हणून प्रत्येक वेळी विचारा. ‘ओने फ्लाइश’, मांस नको, एवढं पाठ करा.

प्रश्न : हरिहर, साल्हेर, अलंग-मदन-कुलंग सगळं झालंय. आल्प्समध्ये गाइडशिवाय चालेल ना? जूनच्या सुरुवातीला जातोय. (सिडको)

पायात दम आहे तुमच्या, त्याबद्दल शंका नाही. पण आपल्याला सवय पावसाची आणि उन्हाची, बर्फाची नाही. जूनच्या सुरुवातीला दोन हजार मीटरच्या वरच्या वाटांवर जुना बर्फ पडून असतो, कडक झालेल्या उतारावर पाय सटकला की थांबत नाही. त्यात उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसकट वादळ चढतं. पहाटे निघायचं आणि दुपारी खाली यायचं.

वाटेला पिवळ्या पाट्या, दगडांवर लाल-पांढरे-लाल पट्टे. पाटीवर लाल ठिपका म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड, तिथे कड्यावरून कोसळायचा धोका असू शकतो. लोखंडी तारेच्या वाटा असतात, क्लेटरश्टाइग म्हणतात, सोप्या ए पासून अवघड ई पर्यंत अशी श्रेणी. हरिहरच्या पायऱ्या हाताने खोबणी धरून चढलात तसं इथे जाऊ नका, हार्नेस, हेल्मेट आणि तारेला अडकवायचा सेट लागतो, पहिल्यांदा गाइड घ्याच. सुरुवात उंटर्सबर्गपासून करा, शहरातून २५ नंबरची बस, केबलकारने १७७६ मीटरवर, तिथून १८५३ मीटरचं शिखर अर्ध्या तासावर. त्या दिवशी वर किती बर्फ आहे ते केबलकारच्या ऑफिसात विचारा आणि मगच पाऊल टाका.

डोंगरातल्या मदतीचा नंबर १४०, आणि ११२ पण चालतो. रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च, एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. हेलिकॉप्टरचं बिल आपल्यालाच भरावं लागू शकतं, तेव्हा व्हिसासाठी काढलेल्या इन्शुरन्समध्ये डोंगरातली सुटका धरलीय का ते वाचा, नसेल तर वेगळा काढा. आमच्या ओळखीच्या एका मुलाने हे वाचलं नव्हतं, घोटा मुरगळला आणि सुटकेचं बिल फेडायला त्याला वर्ष लागलं.