ट्रायल्सची पहिली गाडी : जुनी की नवी?

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. ट्रायल्स म्हणजे अडथळ्यांवरून तोल सांभाळत मोटरसायकल चालवण्याच्या खेळासाठी यॉर्कशरमधल्या ज्या दोन गाड्यांच्या जाहिराती तू पाठवल्या आहेस, त्यांतली एक सत्तरच्या दशकातली यामाहा टीवाय १७५ आहे आणि दुसरी जवळजवळ कोरी बीटा इव्हो ३००. माझे मत विचारशील तर या दोन्ही सोडून दे आणि आठ-दहा वर्षे वापरलेली, पण मालकाने नीट राखलेली २५० सीसीची गाडी शोध.

ट्रायल्समध्ये वेगाला किंमत नाही, हे तुला माहीत आहेच. ओढा, खडक आणि झाडांची मुळे यांतून आखलेल्या छोट्या टप्प्यात, म्हणजे सेक्शनमध्ये, एकदा पाय टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून अधिक वेळा टेकला तर तीन आणि अडकलास किंवा हद्दीबाहेर गेलास तर पाच गुण पदरी पडतात, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. हे सारे चालण्याच्या वेगाने, उभ्याने आणि क्लचवरच्या एका बोटाने साधायचे असते. म्हणून नवशिक्याला जी गाडी हवी, ती एकच गोष्ट दर वेळी सारख्याच रीतीने करणारी हवी. नाहीतर मागचे चाक घसरले तेव्हा चूक तुझ्या उभे राहण्यात होती की पन्नास वर्षांच्या शॉक अॅब्सॉर्बरमध्ये, हे तुला कळणारच नाही. मुरलेला स्वार गाडीचा दोष मनातल्या मनात वजा करतो. तुला ते इतक्यात जमणार नाही.

टीवाय १७५ वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. तिचे इंजिन मवाळ आहे आणि सुटे भाग ब्रिटनमध्ये आजही मिळतात. पण केबलचा क्लच तासाभरात मनगट भरून आणतो, ओढा ओलांडल्यावर ड्रम ब्रेक काही काळ नावापुरतेच उरतात, आणि मागच्या दोन शॉकची हालचाल आजच्या मानाने तोकडी असते. ट्रायल्सचे नामांकित स्वार सॅमी मिलर यांनी १९६५ साली बुल्टाको या हलक्या स्पॅनिश टूस्ट्रोक गाडीवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही सहा दिवसांची स्पर्धा जिंकून भारी ब्रिटिश फोरस्ट्रोक गाड्यांचे युग संपत आल्याचे दाखवून दिले, तेव्हापासूनच्या त्या जमान्यावर माझाही जीव आहे. मात्र आज अशा गाडीच्या किमतीत इतिहासाचा वाटा मोठा असतो आणि शिकाऊ माणसाने तो भरण्याचे कारण नाही. जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग असतात, तिकडे पुढे जाता येईल.

कोऱ्या ३०० ची अडचण वेगळी आहे. वजन जेमतेम सत्तर किलोच्या आसपास आणि ताकद एवढी, की थ्रॉटल चुकून जरासा फिरला तरी पुढचे चाक तुझ्या छातीशी येईल. इंजिनाचा जोर मंदावणारे बटण अनेक नव्या गाड्यांवर असते, ते उपयोगी आहे, पण हात अजून बसलेला नसताना त्याने फार फरक पडत नाही. शिवाय गाडीला ओरखडा पडेल या धास्तीने तू तो दगड टाळशील आणि शिकायचे राहील तेही तिथेच.

एका सापळ्यापासून मात्र जपून राहा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदीपर्यंतच्या गाड्या स्वस्त दिसतात, पण त्यांतल्या काही ब्रँडांनी ट्रायल्स गाड्या बनवणे कधीच बंद केले आहे. अशा गाडीच्या एखाद्या गिअरसाठी हंगाम वाया जातो.

गाडी पाहायला जाशील तेव्हा इंजिन आधी तापवून ठेवू नका, असे मालकाला फोनवरच सांग. थंड गाडी किक मारून तूच सुरू कर. मग ती खोक्यावर ठेवून मागचे चाक दोन्ही हातांनी अलगद वर-खाली हलव. शॉक दबण्याआधीच चाक जरा सैल हलले, तर लिंकेजची, म्हणजे मागचे चाक शॉकला जोडणाऱ्या सांध्यांची, बेअरिंगे गेली आहेत, आणि तो खर्च किमतीतून कापून घ्यायचा. गिअरबॉक्सचे तेल दुधाळ दिसले तर वॉटर पंपाचे सील फुटून पाणी आत शिरले आहे, असे समज. इंजिन चालू ठेवून रेडिएटरचा पंखा आपोआप फिरेपर्यंत थांब, कारण इतक्या मंद गतीत वाऱ्याने इंजिन थंड होत नाही आणि बिघडलेला पंखा असलेली गाडी चढावरच उकळते. तळाच्या पत्र्यावर पोचे असणारच, त्यांचे मनावर घेऊ नकोस. मागच्या टायरच्या ठोकळ्यांच्या कडा मात्र बोटाने चाचपून पाहा. त्या गोल झाल्या असतील तर नवा टायर हिशेबात धर, आणि तो बसवल्यावर हवा चार-पाच पीएसआयच्या वर भरू नकोस.

पैसे देण्याआधी फ्रेमवरचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहा आणि त्याचा फोटो मला पाठव. या भागात गाड्या चोरीला जातात.

तुझा,
काका