बोटीच्या मागे लावतात त्या आउटबोर्ड मोटरचं कव्हर उघडलं की पेट्रोलचा वास येतो, गळती कुठे शोधू? (ग्वाल्हेर)

आधी बॅटरी काढा आणि इंजिन बंद ठेवूनच टाकीकडून येणाऱ्या पेट्रोलच्या पाइपवरचा प्रायमर बल्ब (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा) दगडासारखा कडक होईपर्यंत दाबा. थोड्या वेळात तो ढिला पडला तर बहुतेक गळती बल्बपासून कार्ब्युरेटरपर्यंतच आहे. टॉर्च घेऊन बघा, इंजिनाला जोडतो त्या कनेक्टरची ओ-रिंग, क्लिपांखालचा पाइप, फ्युएल पंपाचा डायफ्राम, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल ओघळत असेल तर पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अडकलीय. ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणातल्या बोटींची इंजिनं माझ्या गॅरेजला येतात, त्यात जुने रबर पाइपच जास्त निघतात, E20 (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनं ते अजून लवकर कडक होऊन तडकतात. लायटर लावून बघणारे महाभागही भेटलेत, असलं काही करू नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते आणि स्टार्टरची ठिणगी तिला पुरते. म्हणून टाकी भरायची ती किनाऱ्यावर उतरवूनच, आणि मोटर उभी असताना पाइप काढून ठेवा, उन्हात टाकी फुगली की पेट्रोल आपोआप पुढे ढकललं जातं. फक्त एक, टाकी ते बल्ब हा भाग या टेस्टमध्ये तपासला जात नाही, तिथली चीर चालू इंजिनात बाहेर ठिबकत नाही, हवा ओढते आणि मोटर मिसिंग मारते.