दुर्वाहक, विसंवाहक की विद्युतरोधक?

विचारणा अशी आहे : काच, रबर, लाकूड यांना कुठे विजेचे 'दुर्वाहक' म्हटलेले आढळते, कुठे 'विसंवाहक', तर कुठे 'विद्युतरोधक'. तिन्ही शब्द एकच का? लिहिताना कोणता घ्यावा?

तिन्हींचा रोख एकाच वस्तूकडे आहे, पण वजन सारखे नाही. 'दुर्वाहक' म्हणजे वाहतो खरा, पण वाईट वाहतो. उष्णतेला हा शब्द चपखल बसतो. तांबे लाकडाच्या दोन-तीन हजार पट उष्णता वाहते. तरी लाकडी मुठीतूनही ती सावकाश हातापर्यंत येतेच. विजेचा हिशेबच वेगळा. तांब्याच्या आणि साध्या काचेच्या रोधकतेतला (म्हणजे वीज अडवण्याच्या गुणातला) फरक एकावर सतरा शून्ये मांडावीत इतक्या पटींचा, किंबहुना त्याहून मोठा असतो. एवढ्या फरकाला नुसते 'दुर्' फारच मवाळ वाटते.

'विद्युतरोधक' कानाला सोपा आहे, पण शाळेत 'रोध' हा शब्द ओहमच्या नियमासाठी आधीच खर्ची पडला आहे. हीटरमधली नायक्रोमची तार चांगलाच रोध करते, तरी ती वाहकच. इथे मुले हमखास गोंधळतात.

उरला 'विसंवाहक'. त्यावर आक्षेप असा की 'वि' म्हणजे 'विशेष'ही होतो, 'विख्यात'मध्ये होतो तसा. पण संगत-विसंगत, संवाद-विसंवाद या जोड्या आपल्या तोंडात रुळलेल्या आहेत. त्याच घडणीचा हा शब्द. (संस्कृतात 'संवाहक' म्हणजे अंग रगडून देणारा, 'मृच्छकटिक'मध्ये या नावाचे पात्रच आहे. आणि नुसता 'वाहक' म्हटले की अजूनही आधी एसटीतला तिकीटवाला आठवतो. शब्दांनी कामे बदलली म्हणून बिघडत नाही.)

शब्द कोणताही घ्या, कशाचा ते सांगायला हवे. शुद्ध हिरा तांब्याच्या चार-पाच पट उष्णता वाहतो आणि विजेचा मात्र पक्का विसंवाहक. 'हिरा दुर्वाहक आहे' एवढेच लिहिणारा निम्मे चूक लिहितो.

विजेच्या संदर्भात 'दुर्वाहक' मी एका पदार्थासाठी आनंदाने राखून ठेवीन : अगदी शुद्ध केलेले पाणी. ते धड वाहक नाही, काचेसारखे विसंवाहकही नाही. नळाचे पाणी त्यात धरू नये. विरघळलेल्या क्षारांमुळे ते त्याच्या हजारो पट वीज वाहते.